मुंबई ते नागपूर : अंतर ६८० किलोमीटर, वेळ दीड तास

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरतं. रेल्वेने तेच ८४० च्या घरात जातं, कारण रूळ थळ घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला असं वळण घेतात. विमानाला ना घाट आडवा येतो ना नदी. ताशी ८३० किलोमीटरने उडणाऱ्या जेट विमानाला एवढ्या अंतरासाठी पन्नास मिनिटं पुरायला हवीत. वेळापत्रकात मात्र साधारण दीड तास असतो. उरलेली चाळीस मिनिटं जातात कुठे?

काही मिनिटं जमिनीवरच जातात. विमान उभ्या जागेवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून नागपूरला चाकांना अडसर लागेपर्यंतचा सगळा वेळ हिशेबात धरतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी उड्डाणाआधी पंधरा-वीस मिनिटं रांगेत सहज जातात.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. मुंबईत वारा बहुधा समुद्राकडून येतो, म्हणून नागपूरचं विमानही आधी पश्चिमेला, समुद्रावर जातं आणि मग वळून पूर्वेला लागतं. त्यानंतर चढण. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना ३३ हजार, ३५ हजार फूट अशा विषम उंच्या देतात आणि समोरून येणाऱ्यांना सम, म्हणजे दोघांत हजार फुटांचं अंतर राहतं. ३५ हजार फुटांवर पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तोवर छत्रपती संभाजीनगर जवळ आलेलं असतं.

उतरण्याचा वैमानिकांचा ठोकताळा सोपा आहे : उंची जितके हजार फूट, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला लागायचं. ३५ गुणिले ३ म्हणजे १०५ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तेव्हा हे झाले सुमारे १९५ किलोमीटर. म्हणजे अकोल्याच्या आसपासच उतरण सुरू होते. पूर्ण वेगाने सपाट उडणं उरतं ते अडीचशे किलोमीटरचं, जेमतेम अठरा-वीस मिनिटांचं. नागपूरच्या प्रवाशांचा चहा संपायच्या आत कप गोळा करायची घाई होते ती यामुळेच.

वाऱ्याचाही वाटा असतो. हिवाळ्यात या उंचीवर पश्चिमेचा जोरदार वारा वाहतो. तो नागपूरला जाताना ढकलतो आणि येताना अडवतो. इथे सपाट उड्डाणच थोडं असल्याने फरक काही मिनिटांचा पडतो. मुंबई-लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटरचं. तिथे जाताना हाच पश्चिमी वारा समोरून येतो, आणि जाण्या-येण्याच्या वेळेत तासाभराचा फरक पडू शकतो.

परतीचं गणित वेगळं आहे. मुंबईवर गर्दी असली की नियंत्रण कक्ष विमानांना ठरलेल्या जागी घिरट्या घालायला लावतो. एका घिरटीला साधारण चार मिनिटं लागतात. अशा चार-पाच झाल्या की वीस मिनिटं गेलीच. त्यामुळे मुंबईहून पुढचं परदेशी विमान धरायचं असेल तर नागपूरहून निघताना छापील वेळेवर भिस्त ठेवू नका, आधीच्या विमानाचं तिकीट काढा.