थर्माकोलची वसुंधरा

रात्री साडेआठला ताईचा फोन आला की समजायचं, उद्या भाच्याच्या शाळेत प्रोजेक्ट आहे. 'घरी येताना थर्माकोलची एक शीट आण, हिरवा क्रेप पेपर आण आणि फेव्हिकॉल संपलाय!' शेवटच्या प्रोजेक्टचा विषय होता 'वसुंधरा वाचवा'. थर्माकोलची पृथ्वी, तिच्यावर प्लास्टिकची झाडं आणि वर चमकीने लिहिलेलं 'सेव्ह अर्थ'. ग्रेड? अर्थातच ए! दोन दिवस पृथ्वी वर्गात मिरवली, मग घरी आली आणि कचऱ्यात गेली. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी ती हातात धरून ताईला सांगितलं, 'हे भंगारवाला घेत नाही हो.' कसं घेईल? थर्माकोलमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त नुसती हवा. पोतं भरलं तरी काटा हलत नाही.

गंमत म्हणजे मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा ताटवाट्यांबरोबर सजावटीचं थर्माकोलही तिच्यात होतं. १ जुलै २०२२ पासून तर ते देशभर बंद आहे. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्यासुद्धा त्याच यादीत आहेत. तरी स्टेशनरीवाल्याकडे शीट मिळते, कारण मागणी आहे. आणि मागणी कुणाची, तर पर्यावरणाच्या प्रोजेक्टची!

आता कुणी म्हणेल, शाळेत पर्यावरण नीट शिकवायला पाहिजे. अहो, शिकवतातच की. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच शाळांमध्ये पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं होतं. म्हणजे आज क्युबिकलमध्ये बसून हे वाचणारे तुम्ही आणि लॅपटॉपवर हे लिहिणारी मी, आपण बहुतेक सगळे हा विषय घेऊनच बाहेर पडलोय. 'रिड्यूस, रीयूज, रिसायकल' झोपेत विचारलं तरी येतं. आणि ऑनलाइन सेल लागला की रात्री बाराला जागे कोण असतं? आपणच.

मला वाटतं, मुलं वापराच्या सवयी धड्यातून शिकत नाहीत, शाळेच्या यादीतून शिकतात. जूनमध्ये मिळणारी ती यादी एकदा वाचून बघा. दोनशे पानी वह्या एक डझन, सगळ्या नव्या. त्यांना खाकी कव्हर आणि त्यावर प्लास्टिकचं कव्हर. हाउसच्या रंगाचा टी-शर्ट, पीटीचे वेगळे बूट, शाळेचा लोगो असलेली बॅग. वह्या, पुस्तकं, गणवेश विकण्याचे उद्योग शाळांनी करू नयेत, असं सीबीएसईने २०१७ मध्येच आपल्या शाळांना बजावलं होतं. तरी भाच्याच्या शाळेतलं दुकान जोरात चालतं. ताईने पालकसभेत साधा प्रश्न विचारला, 'गेल्या वर्षीच्या वह्यांमध्ये निम्मी पानं कोरी आहेत, त्या चालतील का?' उत्तर आलं, 'वर्गात एकसारखं दिसत नाही ना मॅडम.' झालं! अर्धी वही टाकून द्यायची असते, हा धडा मुलाला मिळाला. आमचे आजोबा मे महिन्यात उरलेली कोरी पानं काढून दाभणाने शिवायचे, आमच्या रफ वह्या तयार! त्यांना सस्टेनेबल वगैरे शब्द माहीत नव्हता, वहीची किंमत माहीत होती.

हे फक्त हायफाय शाळांचं आहे, असंही नाही. बालभारतीची पुस्तकं आठवा. मोठ्या भावाचं पुस्तक धाकट्याला, मग शेजारच्या पिंकीला. पुण्यात अप्पा बळवंत चौकात वापरलेली पुस्तकं घेणं यात कुणाला कमीपणा नव्हता. २०२३-२४ मध्ये काही इयत्तांच्या पुस्तकांचे चार भाग केले आणि धड्यांच्या शेवटी नोंदींसाठी वहीची कोरी पानं जोडली. हेतू चांगला होता: दप्तर हलकं व्हावं, गरीब पालकांचा वह्यांचा खर्च वाचावा. पण मुलाने त्या पानांवर लिहिलं की पुस्तक त्याचं एकट्याचं झालं, पुढच्या वर्षी दुसऱ्याला देणार कसं? त्यात मुलं वह्याही नेतच राहिली. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये सरकारने ही पानं बंद करण्याचा निर्णय घेतला. वजन मोजलं गेलं, खर्च मोजला गेला. पुस्तक किती हातांतून जातं याचा हिशोब मात्र मला त्या चर्चेत कुठे ऐकू आला नाही.

याउलट पालिकेची शाळा बघा. मधल्या सुट्टीत खिचडी, घरून आणलेलं स्टीलचं ताट, जेवण झालं की नळावर धुवायचं. तिथे कुणी 'झीरो वेस्ट'चा बॅनर लावत नाही. बॅनर असतो तो त्या शाळेत, जिथे स्पोर्ट्स डेला प्रत्येकाला खाऊचा बॉक्स आणि पाण्याची छोटी बाटली मिळते!

माझी एक मैत्रीण उपनगरातल्या शाळेत शिकवते. तिने नियम केला, प्रोजेक्ट घरातल्या टाकाऊ वस्तूंमधूनच करायचा. पहिल्या वर्षी काय झालं माहितीये? पालकांनी दुकानातून कोऱ्या आइस्क्रीमच्या काड्यांची पाकिटं आणली, 'टाकाऊ' म्हणून! पुढच्या वर्षी बाईंनी फंडाच बदलला. प्रोजेक्ट वर्गातच, आणि बनवायचं काही नाही, मोजायचं. डब्यातलं किती अन्न कचऱ्यात गेलं, रिकाम्या वर्गात किती पंखे फिरत होते, किती पानं एकाच बाजूने छापली होती. कल्पना अगदी नवी नाही. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'चा ग्रीन स्कूल्स उपक्रम २००६ पासून मुलांकडून पाणी, ऊर्जा, अन्न, कचरा यांचं शाळेचंच ऑडिट करून घेतोय. मैत्रिणीच्या वर्गातल्या पोरांनी सगळ्यात जास्त छापील पानं शोधली ती ऑफिसात. मुख्याध्यापिका थोड्या नाराज झाल्या, पण आता शाळेच्या सूचना पाठपोट छापल्या जातात. पोरं येता-जाता तपासतात!

वाढदिवसाचंही तसंच. वर्गातल्या चाळीस जणांना प्लास्टिकचे पाउच वाटायची पद्धत तिने एका चिठ्ठीत बंद केली: वर्गाच्या कपाटासाठी एक पुस्तक आणा, वापरलेलं चालेल. 'वापरलेलं चालेल' हे शब्द शाळेच्या कागदावर आले आणि आयांचं टेन्शनच गेलं. तोवर प्रत्येकीला वाटत होतं, आपण स्वस्तातलं दिलं तर लोक काय म्हणतील.

ताई आता तेवढंच मागतेय. यादीत एक ओळ: 'जुन्या वह्या, बॅग, गणवेश चालतील.' भाच्याच्या शाळेची यादी एप्रिलमध्ये छापायला जाते, पालकसभा मार्चच्या दुसऱ्या शनिवारी असते. भावजी त्या दिवशी ऑफिसला जातात, त्यामुळे या वेळी ताईबरोबर मी जाणार आहे. दोघींनी हात वर केला तर बाई निदान लिहून तरी घेतील.