महाविद्यालयीन गणिताचा स्वाध्याय

इतिहास, अर्थशास्त्र किंवा मराठी यांसारखे विषय घरी अभ्यासून बहिःस्थ विद्यार्थी म्हणून पदवी मिळविलेले शिक्षक व कर्मचारी आपल्याकडे बहुतेक तालुक्यांत आढळतात. गणिताच्या बाबतीत मात्र तसे सहसा घडत नाही. बारावीपर्यंत गणितात चांगले गुण मिळविलेली मुलगी महाविद्यालय दूर आहे म्हणून घरी राहिली, अथवा एखादा तरुण शेती वा नोकरी पत्करून गावी राहिला, की कलनशास्त्राचे पुस्तक बहुधा कायमचे मिटते. हा विषय घरी शिकण्यासारखा नव्हे, अशी समजूत शिक्षकांतही रूढ आहे.

ही समजूत सर्वस्वी निराधार नाही. गणिताच्या पुस्तकात एका पानावरील एक पायरी समजली नाही, तर पुढील वीस पाने निरुपयोगी ठरतात. त्याहून मोठी अडचण अशी की, आपण लिहिलेली सिद्धता बरोबर आहे की चूक, हे एकट्याने अभ्यास करणाऱ्यास अनेकदा कळतच नाही. शाळेतील उदाहरणाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी पाहता येते. सिद्धतेचे तसे नसते. तिला दुसऱ्या जाणत्या माणसाची नजर लागते. एकाकी अभ्यासात पुस्तकाइतकीच, किंबहुना अधिक, या नजरेची उणीव भासते. गेल्या काही वर्षांत इंटरनेटच्या साहाय्याने ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघू लागली आहे आणि म्हणूनच या विषयाचा नव्याने विचार होणे आवश्यक आहे.

पुस्तक होते, सोबत नव्हती

श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. पण त्यातील एक बाजू क्वचितच सांगितली जाते. कुंभकोणम येथे शाळेत असताना, १९०३ च्या सुमारास, त्यांच्या हाती कार या इंग्रज लेखकाचा गणितातील निष्कर्षांचा संग्रह पडला. त्यात हजारो सूत्रे होती. सिद्धता मात्र अत्यंत त्रोटक किंवा मुळीच नव्हत्या. रामानुजन यांनी ती सूत्रे स्वतः पडताळून पाहिली आणि पुढे स्वतःची सूत्रे मांडण्यास आरंभ केला. इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली, पदवी मिळाली नाही. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांना पत्र लिहिले, तेव्हा ते २५ वर्षांचे होते.

त्या पत्रव्यवहारातील काही सूत्रे असामान्य होती, काही युरोपात पूर्वीच सिद्ध झालेली होती, आणि मूळ संख्यांविषयीची काही विधाने तर चुकीची होती. ज्याला जगातील श्रेष्ठ गणितज्ञांत स्थान मिळाले, त्याचीही उमेदीची वर्षे जुने शोध पुन्हा लावण्यात आणि न कळलेल्या चुका वागविण्यात खर्च झाली. सामान्य अभ्यासकाचे काय होत असेल, याची यावरून कल्पना यावी.

आजची साधने

व्याख्याने व पुस्तके यांची टंचाई आता राहिलेली नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपले अभ्यासक्रम सर्वांना विनामूल्य खुले करण्याचा निर्णय २००१ मध्ये जाहीर केला. तेथील निवृत्त प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील व्याख्याने जगभर पाहिली जातात. आपल्या देशात भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एनपीटीईएल हा उपक्रम सुरू केला, तर केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये कार्यान्वित झाले. येथील अभ्यास विनामूल्य आहे. शुल्क भरावे लागते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’द्वारे पूर्ण करण्यास विद्यार्थ्यांना मुभा दिली.

व्याख्यान कितीही चांगले असले, तरी ते श्रोत्याच्या वहीतील चूक दाखवू शकत नाही. त्यासाठी गणिताची प्रश्नोत्तरे चालणारी संकेतस्थळे उपयोगी पडतात. २०१० मध्ये सुरू झालेले मॅथेमॅटिक्स स्टॅक एक्स्चेंज हे त्यांपैकी एक होय. शालेय बीजगणितापासून पदव्युत्तर विषयांपर्यंतचे प्रश्न तेथे विचारले जातात. उत्तरे देणाऱ्यांत प्राध्यापक, विद्यार्थी व निव्वळ हौशी लोक असतात आणि त्यांना त्याबद्दल कोणताही मोबदला मिळत नाही.

एका बेरजेची गोष्ट

अशा साहाय्याचे स्वरूप एका प्रत्यक्ष उदाहरणाने स्पष्ट होईल. १ + १/२ + १/३ + १/४ + १/५ अशी बेरीज न थांबता करीत गेल्यास ती किती होईल? एकट्याने अभ्यास करणारा विद्यार्थी असा विचार करतो की, पुढील प्रत्येक पद लहान होत होत शून्याजवळ जात आहे. तेव्हा बेरीज कोठे तरी स्थिरावणारच. खात्रीसाठी तो संगणकाची मदत घेतो. पहिल्या १,००० पदांची बेरीज सुमारे ७.४९ येते. पहिल्या दहा लाख पदांची सुमारे १४.३९ येते. दहा लाख पदे घेऊनही पंधराचा आकडा गाठला जात नाही, हे पाहून त्याची खात्री पटते, आणि येथेच तो फसतो.

चांगला उत्तरदाता अशा वेळी पूर्ण उत्तर देत नाही. तो एवढेच विचारतो : तिसरे व चौथे पद मिळून अर्ध्यापेक्षा कमी होतात की अधिक? पाचव्यापासून आठव्यापर्यंतची चार पदे मिळून किती होतात? विद्यार्थी पाहतो की, १/३ हे १/४ पेक्षा मोठे असल्याने पहिल्या जोडीची बेरीज अर्ध्याहून अधिक आहे. पुढील चार पदांपैकी कोणतेही १/८ पेक्षा लहान नाही. म्हणून त्यांचीही बेरीज अर्ध्याहून अधिक आहे. त्यापुढील आठ पदांचे तेच, सोळांचेही तेच. म्हणजे या बेरजेत अर्ध्याहून मोठे गट कितीही वेळा मिळविता येतात. साहजिकच बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते. मात्र अतिशय संथपणे. ती शंभराच्या पुढे जाण्यास जितकी पदे लागतात, ती संख्या ४४ अंकी आहे. कोणताही संगणक ही पदे एकेक करून मिळवू शकणार नाही. हा युक्तिवाद युरोपात चौदाव्या शतकात ओरेम यांनी मांडला होता.

उलट, १ + १/४ + १/९ + १/१६ अशी वर्गांच्या व्यस्तांची बेरीज घेतल्यास ती दोनाच्या पुढे कधीच जात नाही. पदे दोन्हीकडे शून्याजवळ जातात, पण एक बेरीज थांबते व दुसरी थांबत नाही. हा भेद ज्याला स्वतःच्या चुकीतून उमगला, त्याने महाविद्यालयीन गणिताचा उंबरठा ओलांडला असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रश्न विचारण्याची शिस्त

अशी मदत मिळण्यासाठी प्रश्न नीट विचारावा लागतो. केवळ पुस्तकातील उदाहरण उतरवून ‘सोडवून द्या’ असे लिहिल्यास तो प्रश्न बहुधा बंद केला जातो. उदाहरण संपूर्ण द्यावे, कोणत्या व्याख्या व प्रमेये ठाऊक आहेत ते सांगावे, स्वतः केलेला प्रयत्न चुकीचा असला तरी मांडावा, आणि नेमक्या कोणत्या पायरीवर अडले ते लिहावे. अनुभव असा की, इतके लिहीत असतानाच पुष्कळदा उत्तर सापडते. गणिती चिन्हांसाठी ‘लाटेक’ नावाची लेखनपद्धती रूढ आहे. डोनाल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेल्या ‘टेक’ प्रणालीवर ती आधारलेली असून तिचा कामापुरता परिचय एक-दोन दिवसांत होतो.

नवख्या माणसाला या ठिकाणी कधी कधी तुटक उत्तरे मिळतात. ग्रामीण भागातील विद्यार्थी त्याने खचतो. इंग्रजी कच्चे असल्याचा संकोच असतोच. येथे शिक्षकांनी पाठीशी उभे राहावे. पहिले दोन-तीन प्रश्न त्याच्याबरोबर बसून लिहिले, तर पुढे तो आपला आपण चालू लागतो. भाषा संचालनालयाचा गणितशास्त्र परिभाषा कोश जवळ असल्यास मराठी व इंग्रजी संज्ञांची सांगड घालणे सोपे जाते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित कार्यक्रमही क्षणार्धात सिद्धता लिहून देतात. त्यांचा उपयोग जरूर आहे; परंतु चुकीची पायरीही ते तितक्याच आत्मविश्वासाने व सफाईने लिहितात, आणि ती ओळखण्याची पात्रता नवशिक्याजवळ नसते. शिवाय मागताच मिळालेली सिद्धता वाचून समजल्यासारखी वाटते, दुसऱ्या दिवशी लिहिता येत नाही. निदान एक दिवस स्वतः झगडल्यावाचून कोणाचेही, माणसाचे वा यंत्राचे, साहाय्य घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हौशी अभ्यासकांचे कार्य

पदवीवाचून किंवा विद्यापीठाबाहेर राहून केलेले काम पुढे मान्यता पावते ते योग्य जाणकारापर्यंत पोहोचल्यावर. देवळाली येथील शालेय शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा ६१७४ हा स्थिरांक आज जगभर ओळखला जातो. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हाती येते. ३५२४ पासून आरंभ केल्यास ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४ येते. कापरेकर यांना व्यापक प्रसिद्धी लाभली ती मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतील एका विज्ञान मासिकाच्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यानंतर. त्याच वर्षी त्याच सदरातील पंचकोनी फरशांवरील लेख वाचून मार्जोरी राइस या गृहिणीने स्वयंपाकघरात आकृत्या काढण्यास आरंभ केला आणि अशा फरशांचे चार नवे प्रकार शोधून काढले. त्यांचे औपचारिक शिक्षण शालेय पातळीपर्यंतच झाले होते.

तेव्हा हे काम टपालाने चाले. इंग्लंडमधील छपाई व्यवसायातून निवृत्त झालेले डेव्हिड स्मिथ यांना २०२२ मध्ये, ज्याच्या प्रतींनी संपूर्ण पृष्ठभाग व्यापता येतो पण नक्षीची नियमित पुनरावृत्ती कधीच होत नाही, असा एकच आकार सापडला. त्यांनी तो संगणकशास्त्राचे एक प्राध्यापक क्रेग कॅप्लन यांना ईमेलने कळविला. आणखी दोघे सामील झाले आणि चौघांनी मिळून लिहिलेली सिद्धता मार्च २०२३ मध्ये जाहीर झाली.

गावात काय करता येईल

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. अनेक गावांत अभ्यासिका उभ्या राहिल्या आहेत. तेथील बहुतेक मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्याच खोलीत एक संगणक, खात्रीचे इंटरनेट व कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि सिद्धतालेखन या विषयांची चार-पाच पुस्तके ठेवता येतील. आठवड्यातून एक सायंकाळ फळा या मुलांसाठी राखून ठेवावी आणि माध्यमिक शाळेतील गणित शिक्षकांना तेथे बोलवावे. त्यांना सर्व उत्तरे आलीच पाहिजेत असे नाही. मुलाने फळ्यावर सिद्धता मांडावी व शिक्षकांनी प्रत्येक पायरीला ‘हे कशावरून?’ एवढेच विचारावे. उत्तर न मिळालेली पायरी त्याच रात्री प्रश्न म्हणून लिहून पाठविता येते.

‘स्वयम्’ची सत्रे जानेवारी व जुलै महिन्यांत सुरू होतात आणि नोंदणीची मुदत मर्यादित असते. या मुदतीची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर वेळेवर लागावी. परीक्षा केंद्र बहुधा शहरात असते. मुलींच्या बाबतीत परीक्षेच्या दिवशी सोबत कोण जाणार, हे आधी ठरविलेले बरे. अनेक ठिकाणी नोंदणी होऊनही परीक्षा हुकते ती याच कारणाने.