शिक्षणाच्या हक्काचा हिशेब

'सर्वांसाठी शिक्षण' ही घोषणा ज्याने कधी केली नाही असे सरकार आज जगात शोधूनही सापडणार नाही. घोषणा करणे स्वस्त असते, शाळा चालविणे महाग असते. या दोहोंतील अंतर कोणी मोजायचे, आणि मोजून झाल्यावर सरकारला जाब कोणी विचारायचा, हा विकसनशील देशांतील प्राथमिक शिक्षणापुढचा खरा प्रश्न आहे. गेल्या पंचवीस वर्षांत आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत स्वयंसेवी संस्था, शिक्षक संघटना आणि पालकांचे गट यांनी एकत्र येऊन आघाड्या उभारल्या व हे काम काही प्रमाणात अंगावर घेतले. त्यांना आलेले यश आणि त्यांच्या पदरी पडलेली निराशा या दोहोंपासून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी नेमक्या याच वर्मावर बोट ठेवले होते. कष्टकऱ्यांच्या करातून पैसा जमतो, तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, हा त्यांचा आक्षेप अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरणारा होता. पुढे १९११ मध्ये नामदार गोखले यांनी मध्यवर्ती कायदे कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अतिशय सावध विधेयक होते. सक्ती लागू करावयाची की नाही हा निर्णयसुद्धा त्यात स्थानिक संस्थांवर सोपविलेला होता. तरीही मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. गोखल्यांजवळ आकडे होते, युक्तिवाद होता, देशातील सुशिक्षितांची सहानुभूतीही होती. सरकारी मताधिक्याला वाकवील अशी संघटित शक्ती मात्र त्यांच्यामागे नव्हती.

ही शक्ती आपोआप का निर्माण होत नाही, याचे उत्तर मॅन्कर ऑल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ च्या आपल्या ग्रंथात दिले आहे. ज्यांचे हितसंबंध एकवटलेले असतात असे छोटे गट सहज संघटित होतात. ज्यांचे हित विखुरलेले असते ते संख्येने कितीही मोठे असले तरी असंघटितच राहतात. साखर कारखानदार मंत्रालयात जाऊ शकतात. दुसरीतल्या मुलाला मत नसते आणि त्याच्या मजूर आईला एक दिवसाची रोजी बुडवून शिक्षणाधिकाऱ्याच्या दारात बसणे परवडत नाही. म्हणूनच प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वत्र असूनही तिचे राजकीय वजन कमी भरते. ते वजन वाढविणे हेच नागरी आघाड्यांचे प्रयोजन होय.

जोमतिएन ते डाकार

मार्च १९९० मध्ये थायलंडमधील जोमतिएन येथे भरलेल्या जागतिक परिषदेने २००० सालापर्यंत सर्वांना मूलभूत शिक्षण देण्याचा संकल्प सोडला. तो सुटला त्याच सुमारास आफ्रिकेतील बहुतेक देश कर्जाच्या ओझ्याखाली वाकले होते. कर्ज देणाऱ्या संस्थांच्या सल्ल्यानुसार सरकारी खर्चाला कात्री लागत होती आणि शाळेच्या खर्चाचा वाटा पालकांकडून वसूल होत होता. केनियात ही 'खर्चाची वाटणी' १९८८ मध्ये आली. एका हाताने हक्क द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने फी घ्यावयाची, असा हा प्रकार होता. परिणामी २००० साल उजाडले तेव्हा ११ कोटी ३० लाखांहून अधिक मुले प्राथमिक शाळेबाहेर होती, अशी नोंद त्या वर्षी एप्रिलमध्ये सेनेगलची राजधानी डाकार येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेला करावी लागली.

मात्र डाकारच्या परिषदेत एक नवा घटक हजर होता. आदल्याच वर्षी, १९९९ मध्ये, ऑक्सफॅम व ॲक्शनएड या संस्था, शिक्षक संघटनांचा जागतिक महासंघ, बालमजुरीविरोधी जागतिक मोर्चा आणि बांगलादेश, दक्षिण आफ्रिका यांसारख्या देशांतील आघाड्या यांनी मिळून शिक्षणाची एक जागतिक मोहीम स्थापन केली होती. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले कैलाश सत्यार्थी तिचे अध्वर्यू होते. शिक्षणाबाबत खरोखर कृतनिश्चय असलेल्या कोणत्याही देशाचा प्रयत्न पैशाअभावी अडू दिला जाणार नाही, हे आश्वासन १६४ देशांच्या त्या परिषदेच्या जाहीरनाम्यात आले. त्यामागे या मोहिमेचा रेटा होता. अशी आश्वासने पाळली जातातच असे नाही, पण कागदावर उतरलेले आश्वासन जाब विचारणाऱ्याच्या हातचे हत्यार बनते, हे मान्य केले पाहिजे.

दार उघडले, वर्ग भरला

यानंतरच्या काळातील सर्वांत ठळक यश म्हणजे प्राथमिक शाळांतील फी रद्द होणे. मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये हे पाऊल उचलले होते. टांझानिया व केनिया त्यांच्यामागून गेले. या यशाचे सारे श्रेय आघाड्यांना देणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. मलावी व युगांडात निवडणुकीच्या राजकारणाने ते घडविले. परंतु केनियात १९९९ मध्ये उभ्या राहिलेल्या 'एलिमू येतू', म्हणजे 'आमचे शिक्षण', या आघाडीने मोफत शिक्षणाचा प्रश्न निवडणुकीपूर्वीच सार्वजनिक चर्चेत आणला होता. २००२ च्या अखेरीस किबाकी यांची आघाडी सत्तेवर आली आणि जानेवारी २००३ मध्ये फी रद्द झाली. एका वर्षात पटावरील मुलांची संख्या ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली. फी हा गरिबाच्या वाटेतील किरकोळ अडथळा आहे, असे म्हणणाऱ्या तज्ज्ञांना त्या १३ लाख मुलांनी परस्पर उत्तर दिले.

येथवरची कथा आनंदाची आहे. पुढची तितकी सोपी नाही. मुले आली, पण त्या प्रमाणात शिक्षक आले नाहीत, कारण नव्या भरतीवर १९९८ पासून निर्बंध होते. नैरोबीच्या गरीब वस्त्यांजवळील शाळांत एकेका वर्गात शंभराहून अधिक मुले बसू लागली. ज्यांना शक्य होते त्या पालकांनी आपली मुले खाजगी शाळांत हलविली. म्हणजे ज्यांचा आवाज सरकारच्या कानी पोचतो तो वर्गच सार्वजनिक शाळेतून निघून गेला. त्यातच २००९ मध्ये शिक्षण खात्यातील निधीचा अपहार उघडकीस आला व ब्रिटन आणि अमेरिकेने आपली मदत थांबविली. हक्क मिळविणे आणि हक्क चालविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा केनियाचा धडा आहे.

पैसा कोठे जातो?

हक्क चालविण्यासाठी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे हिशेब. युगांडाचे उदाहरण या दृष्टीने अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. १९९१ ते १९९५ या काळात सरकारने शाळांसाठी पाठविलेल्या दरडोई अनुदानापैकी सरासरीने केवळ १३ टक्के रक्कम प्रत्यक्ष शाळांपर्यंत पोचत होती, असे एका पाहणीत आढळले. उरलेली मधल्या पातळ्यांवर जिरत होती. त्यानंतर सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठविली हे वर्तमानपत्रांत छापण्यास आणि शाळेच्या फलकावर लावण्यास सुरुवात केली. २००१ पर्यंत शाळांना पोचणारा हिस्सा ८० टक्क्यांच्या वर गेला. त्या काळात इतर सुधारणाही झाल्या होत्या आणि सारे श्रेय वर्तमानपत्राला देऊ नये, असा आक्षेप नंतर घेतला गेला, तो रास्तच आहे. तथापि मुख्याध्यापकाला आणि पालकाला आपल्या शाळेच्या नावावर किती रुपये निघाले हे ठाऊक असणे, ही गळती थांबविण्याची पहिली अट आहे, याबद्दल दुमत होऊ नये.

हिशेब मागणे सत्ताधाऱ्यांना नेहमीच रुचते असे मात्र नाही. टांझानियातील 'हकीएलिमू', म्हणजे 'शिक्षणाचा हक्क', या संस्थेने सरकारच्या प्राथमिक शिक्षण विकास कार्यक्रमातील उणिवा आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरील छोट्या जाहिरातींतून दाखविण्यास प्रारंभ केला. वर्गात बाके नाहीत, पुस्तके नाहीत, शिक्षक नाहीत, एवढेच त्यांत सांगितलेले असे. २००५ मध्ये सरकारने शाळांविषयी पाहणी करण्यास व ती प्रसिद्ध करण्यास या संस्थेला बंदी केली. ज्या देशाचा राष्ट्रपिता ज्यूलियस न्येरेरे 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, या नावाने ओळखला जातो, त्या देशात हे घडावे याला काय म्हणावे!

याहून पुढचा टप्पा ब्राझीलमधील आघाडीने गाठला. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या या राष्ट्रीय मोहिमेने केवळ 'अधिक पैसा द्या' अशी मागणी न करता, एका मुलाला चांगले शिक्षण देण्यास किती खर्च येतो याचा तपशीलवार हिशेब मांडला. वर्गातील मुलांची संख्या, शिक्षकाचे वेतन, ग्रंथालय, प्रयोगशाळा, पाणी या सर्वांची किंमत काढून दरडोई किमान खर्चाचा आकडा सरकारपुढे ठेवला. २००५ मध्ये शिक्षणनिधीच्या नव्या योजनेतून बालवाड्यांना वगळण्याचा घाट घातला गेला, तेव्हा कार्यकर्ते मुलांच्या बाबागाड्या ढकलीत संसदेत गेले आणि बालवाड्यांचा समावेश करून घेतला. २०२० मध्ये घटनादुरुस्ती होऊन हा निधी कायमचा झाला. केंद्राचा त्यातील वाटा १० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने २३ टक्क्यांवर नेण्याचे ठरले आणि दर्जेदार शिक्षणाच्या दरडोई खर्चाची कल्पना राज्यघटनेत शिरली. अर्थात राष्ट्रीय उत्पन्नाच्या १० टक्के शिक्षणावर खर्च करण्याचे २०२४ पर्यंतचे उद्दिष्ट तेथेही गाठले गेले नाही.

आघाड्यांपुढील अडचणी

या चळवळींच्या मर्यादाही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिली मर्यादा पैशाची. २००९ पासून अनेक देशांतील आघाड्यांना आंतरराष्ट्रीय निधीतून खर्च मिळू लागला. जे देणगीदार सरकारांना मदत करतात तेच सरकारांवर नजर ठेवणाऱ्यांनाही पोसतात, ही परिस्थिती निकोप नव्हे. देणगीदाराचा कल बदलला की आघाडीचा विषय बदलतो आणि सरकारलाही 'हे परक्यांचे हस्तक' असे म्हणण्याची सोय होते. भारतात २०२० च्या कायद्यातील दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली. एका मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या लहान संस्थांना तिचा फटका बसणे अपरिहार्य होते. वर्गणीवर उभी राहिलेली संघटना गरीब असते, पण तिला अशी भीती नसते.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. या आघाड्यांत स्वयंसेवी संस्था आणि शिक्षक संघटना शेजारी शेजारी बसतात, परंतु त्यांचे मन नेहमीच एक नसते. तुटपुंज्या मानधनावरील कंत्राटी शिक्षक हा अनेक संस्थांना तातडीचा उपाय वाटतो, तर संघटनांना ते व्यवसायाचे अवमूल्यन वाटते. केनियातील एका मोठ्या प्रयोगात स्वयंसेवी संस्थेच्या देखरेखीखाली नेमलेल्या कंत्राटी शिक्षकांमुळे मुलांची प्रगती वाढली. तीच योजना सरकारी यंत्रणेने राबविली तेव्हा परिणाम दिसेनासा झाला. याचा अर्थ इतकाच की स्वस्त शिक्षक हे रोगावरील औषध नव्हे. शिक्षकांनीही हे ओळखले पाहिजे की मुले शिकली की नाही हा प्रश्न टाळून वेतनाचा प्रश्न पालकांच्या गळी उतरविता येणार नाही. शिक्षक आणि पालक यांच्यात दरी पडली तर तिचा लाभ खर्च टाळू पाहणाऱ्या सरकारलाच होतो.

आपल्या देशाचा अनुभव याहून वेगळा नाही. २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिक्षणाला मूलभूत हक्क ठरविणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेने मंजूर केले, त्या दिवशी 'नाफ्रे' या राष्ट्रीय आघाडीच्या हाकेवरून हजारो लोक दिल्लीत जमले होते. सहा वर्षांखालील मुलांना हक्कातून का वगळले, हा त्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. कायदा यायला २००९ आणि अंमल सुरू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडले. कोठारी आयोगाने सुचविलेले राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाचे उद्दिष्ट १९६८ च्या धोरणात होते, २०२० च्या धोरणातही आहे. अर्धशतक धोरणात राहिलेला आकडा अंदाजपत्रकात अद्याप उतरलेला नाही.

युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील सुमारे २५ कोटी मुले व तरुण अजूनही शाळेबाहेर आहेत. त्यांना शाळेत आणण्यासाठी परिषदा आणखी भरतील, जाहीरनामेही निघतील. पण खरे काम त्याहून खालच्या पातळीवर व्हावयाचे आहे. आपल्या कायद्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक सरकारी व स्थानिक संस्थेच्या शाळेत व्यवस्थापन समिती नेमण्यास सांगितले आहे. तीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे हे तिचे कर्तव्य आहे. युगांडाने शाळेच्या फलकावर जे लावले आणि ब्राझीलने संसदेत जे मांडले, ते दोन्ही करण्याचा अधिकार या समितीच्या हाती बीजरूपाने आहे. तो अधिकार वापरण्यास पालकांना शिकविणारा शिक्षक आणि हिशेब वाचून दाखविणारा गावातला कारकून किंवा विद्यार्थी यांच्याखेरीज दुसरी आघाडी शोधण्याचे कारण नाही. गोखल्यांच्या विधेयकामागे जी शक्ती नव्हती ती उभी राहिली तर अशीच उभी राहील.