बहुछंदी माणसाची बैठक

ज्याला उपजतच एका विषयाची गोडी आहे, त्याच्या एकाग्रतेचे आपण कौतुक करतो खरे. परंतु त्यात पराक्रम किती आणि निरुपायाचा भाग किती, हे सहसा कोणी विचारीत नाही. खरी परीक्षा असते ती ज्याला सकाळी मोडी लिपी शिकावीशी वाटते, दुपारी आकाशातील राशी-नक्षत्रे खुणावतात आणि रात्री सतारीची गवसणी काढल्यावाचून चैन पडत नाही, अशा मनुष्याची. त्याला आळशी म्हणता येत नाही, कारण तो दिवसभर राबत असतो. मंदबुद्धी म्हणता येत नाही, कारण कोणत्याही विषयात प्रारंभीची गती त्याला चटकन मिळते. आणि तरीही वर्षअखेरीस जमाखर्च मांडू गेल्यास जमेच्या बाजूला पुरी झालेली एकही बाब सापडत नाही. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण वडीलधारी मंडळी त्याला ऐकवतात, आणि इलाज म्हणून बाकीचे छंद सोडून देण्यास फर्मावतात. हा इलाज मला कधीच पटलेला नाही. सोडलेला छंद मनातून जात नाही. तो फक्त हातातून जातो.

नुकसान छंदांच्या संख्येने होत नसून त्यांच्यामधील येरझाऱ्यांनी होते. आर्थर जर्सिल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, माणसांना एकाच प्रकारची गणिते सलग करावयास दिली, आणि नंतर एकदा बेरीज, एकदा वजाबाकी अशी आळीपाळीने करावयास दिली. गणिते तितकीच सोपी असूनही दुसऱ्या वेळी लागणारा वेळ वाढला. बेरजेवरून वजाबाकीवर जाताना मनाला जर एवढी पट्टी भरावी लागते, तर मोडीवरून मृगनक्षत्रावर जाताना ती किती भरावी लागत असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

परंतु येरझाऱ्या न घालताही अनेक विषयांत संचार करता येतो, आणि याचा उत्तम दाखला दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रात आहे. १९०७ साली गोव्यात जन्मलेले, हार्वर्ड येथे शिकलेले हे गृहस्थ व्यवसायाने गणिती. आणि तरीही नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा, पुरातत्त्व व प्राचीन भारताचा इतिहास या सर्व प्रांतांत त्यांचे नाव आजही आदराने, आणि काही ठिकाणी कपाळाला आठ्या घालून, घेतले जाते. वरवर पाहता ही केवळ भ्रमंती वाटते. वास्तविक तिचा क्रम मोठा शिस्तीचा आहे.

पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असता त्यांना संख्याशास्त्र आत्मसात करावयाचे होते, आणि ते एखादा खरा प्रश्न सोडवूनच करावे या हेतूने त्यांनी प्राचीन चांदीची आहत, म्हणजे ठसे ठोकलेली, नाणी तराजूत घातली. टांकसाळीतून निघालेली नाणी जवळजवळ सारख्या वजनाची असतात. हातोहात फिरता फिरता ती झिजतात, त्यामुळे त्यांचे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील फरक मात्र वाढत जातो. हा नियम त्यांनी चालू नाण्यांवर पडताळून पाहिला आणि मग तक्षशिलेस सापडलेल्या नाण्यांच्या साठ्याला लावला, तेव्हा मागील बाजूवर जितके ठसे अधिक तितके वजन कमी असे आढळून येऊन नाण्यांच्या काळाचा क्रम हाती लागला. क्रम लागला, की ही नाणी कोणत्या राजांनी पाडली हा प्रश्न ओघानेच आला. त्यासाठी जुने ग्रंथ पाहणे प्राप्त होते, आणि संस्कृतचे ज्ञान तर बेताचेच! तेव्हा भाषेचा अभ्यास म्हणून त्यांनी संस्कृत कवी भर्तृहरी हाती घेतला, आणि त्याचे निरनिराळे पाठ जुळेनात म्हणून हस्तलिखितांच्या मागे लागले. या उद्योगाची परिणती १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांच्या चिकित्सक आवृत्तीत झाली. असे काव्य ज्या समाजात निपजते तो समाज कसा होता, या जिज्ञासेने ते पुण्याच्या आसपासची खेडी, टेकड्या आणि ग्रामदेवतांची ठाणी पायी हिंडू लागले, व १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दरम्यान १९४४ साली, गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र त्यांनी दिले, ते आनुवंशशास्त्रात त्यांच्याच नावाने प्रचलित आहे. हे त्याच संख्याशास्त्राचे आनुषंगिक फळ.

यातील मर्म असे, की या मुख्य वाटेवर नवा विषय कोसंबींकडे कुतूहल म्हणून आला नाही, तर आधीच्या कामातील अडचण म्हणून आला. ज्याच्या हाती एक जिवंत प्रश्न आहे, त्याला नवा छंद दारी येताच त्याची झडती घेता येते: तू माझ्या प्रश्नाच्या कामी येतोस काय? न येईल तर त्याचा अर्ज फेटाळण्याचे कारण नाही. न्यायालय दावा तहकूब करते त्याप्रमाणे त्याची वहीत नोंद करून पुढील मुदत द्यावी, एवढे पुरे.

अर्थात ही वाटही निर्धोक नव्हे. गणितातील सुप्रसिद्ध रीमान अनुमान संभाव्यतेच्या मार्गाने सिद्ध केल्याचा कोसंबींचा दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही. अनेक प्रांतांत यश मिळालेल्या मनुष्यास आपली रीत सर्वत्र चालेल असा विश्वास वाटू लागतो, आणि तेथे एकाच विषयात मुरलेला सामान्य तज्ज्ञही त्याच्याहून सुरक्षित ठरतो.

ज्याच्यापाशी असा प्रश्न नाही, त्याने काय करावे? त्याने बाहेरून बंधन आणावे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांना समाजशास्त्रापासून कादंबरीपर्यंत सर्वच गोष्टींत रस. अशा मनुष्याने एकेका विषयावर ग्रंथ लिहावयास घेतला असता, तर तो बहुधा पहिल्याच विषयात रमून राहिला असता. ज्ञानकोशाच्या प्रस्तावनाखंडांत त्यांची लेखणी मोकाट धावलीही. पुढे मात्र अकारविल्हे क्रम आडवा आला. कोणताही विषय कितीही मोहक असो, त्याची पाळी संपली की पुढचे अक्षर तगादा लावणारच. शिवाय वर्गणीदार खंडाची वाट पाहत असत. १९२० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे झाले. ‘ब्राह्मणकन्या’सारखी कादंबरी त्यांनी कोश हातावेगळा झाल्यावर लिहिली. कलाकृती म्हणून ती मला ओबडधोबडच वाटते, आणि तिच्यातील पात्रे पुष्कळदा ज्ञानकोशातील लेखाप्रमाणे बोलतात.