चव न घेता शिजवायचे कसे?

रमजानमधला स्वयंपाक इतर अकरा महिन्यांच्या स्वयंपाकापेक्षा एका बाबतीत वेगळा असतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती स्वतः रोजाने असते. एरवी मीठ कमी आहे की जास्त, हे तळहातावर थेंबभर रस्सा घेतला की कळते. रोजात ती सोय नसते. गरज पडल्यास जिभेच्या टोकाला चव लावून थुंकून टाकायला हरकत नाही, असे फकिहांनी सांगितले असले तरी पुष्कळ महिला ती सवलत घेत नाहीत. असरच्या नमाजनंतर चूल पेटते, मगरिबच्या अजानला दस्तरखान लागतो आणि मीठ बरोबर पडलेले असते. या महिलांच्या हातात वीस-पंचवीस वर्षांचा अंदाज असतो.

पण हा अंदाज ज्यांच्याकडे नाही, त्यांनी काय करायचे? मराठवाड्यातून पुण्यात शिकायला आलेला मुलगा, मुंबईत भाड्याच्या खोलीत राहून नोकरी करणारी मुलगी, आखातात कामाला गेलेला कोकणातला तरुण. यांच्या खोलीत अनेकदा गॅस नसतो, फक्त विजेचा एक प्लग असतो. सहरीसाठी मेस उघडी नसते आणि महिनाभर बाहेरचे खाणे खिशाला परवडत नाही. अशा खोल्यांमध्ये अलीकडे एक भांडे दिसू लागले आहे. त्यातच कांदा परततो, मटण शिजते, भात होतो, दही लागते आणि केकही होतो. त्याला कुणी मल्टिकुकर म्हणते, कुणी विजेचा कुकर.

कल्पना जुनी, डोके नवे

वाफ कोंडून अन्न शिजवण्याची कल्पना साडेतीनशे वर्षांची आहे. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे भांडे दाखवले होते. त्यात हाडेसुद्धा मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून वाफ बाहेर सोडणारी झडपही त्यानेच बसवली. आपल्या कुकरचे हेच मूळ. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. कोंडलेल्या वाफेत ते सुमारे १२० अंशांपर्यंत जाते, म्हणून डाळ आणि मटण लवकर शिजते.

विजेच्या भांड्याने यात भर घातली ती मोजमापाची. तळाशी तापमान ओळखणारा भाग असतो, दाबावर लक्ष असते आणि घड्याळ असते. वेळ झाली की ते आपोआप थांबते. रॉबर्ट वांग या कॅनडातल्या संगणकतज्ज्ञाच्या कंपनीने २०१० मध्ये ‘इन्स्टंट पॉट’ बाजारात आणला आणि हा प्रकार जगभर घरोघरी पोहोचला. दुसरी जात ‘थर्मोमिक्स’ची. हे यंत्र जर्मन कंपनीचे, १९७१ पासूनचे. त्याच्या भांड्यात पातीही असते. ते कापते, वाटते, ढवळते आणि शिजवते. आताचे यंत्र वजनही करते. मात्र ते बरेच महाग आहे.

जिभेचे काम काट्याकडे

नवशिक्याने या भांड्याकडून शिकण्याची पहिली गोष्ट म्हणजे मोजणे. ‘चवीपुरते मीठ’ हे शब्द रोजेदार नवशिक्याच्या काहीच कामाचे नाहीत. त्याने वजन करावे. रस्सा, डाळ, खिचडी अशा पदार्थांत पाण्यासह एकूण वजनाच्या साधारण एक टक्का मीठ पुरते. म्हणजे एक किलोला १० ग्रॅम. मटणाला आधी मीठ लावून ठेवले असेल तर तेही याच हिशेबात धरायचे. पावाच्या कणकेत मैद्याच्या दोन टक्के मीठ घालतात. अर्धा किलो मैद्याला १० ग्रॅम मीठ, साधारण ३०० मिलिलिटर पाणी आणि ५ ग्रॅम कोरडे यीस्ट. हे आकडे वहीत लिहावेत आणि इफ्तारनंतर चव पाहून पुढच्या वेळी त्यात एक-दोन ग्रॅम कमी-जास्त करावे. आठ-दहा दिवसांत वही भरते आणि हाताला अंदाज येऊ लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. पडद्यावर ३५ मिनिटे दिसली म्हणजे पदार्थ ३५ मिनिटांत तयार होईल, असे नाही. दाब तयार व्हायला दहा ते वीस मिनिटे लागतात. शिजल्यावर वाफ आपोआप निवायला तितकीच. मगरिबची वेळ कुणासाठी थांबत नाही. म्हणून पहिल्या काही दिवसांत अजानच्या दीड तास आधी भांडे लावलेले बरे.

खिचड्याची परीक्षा

या भांड्याची खरी परीक्षा खिचड्यात होते. गहू आणि मांस एकजीव होईपर्यंत शिजवण्याची रीत फार जुनी आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल्-वर्राक याने लिहिलेल्या पाककृतींच्या ग्रंथात हरीसा आहे. अरब देशांतल्या हरीसला २०२३ मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. हैदराबादच्या हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या सगळ्या पदार्थांत मसाल्याहून मोठा वाटा श्रमाचा. डेग तासन्‌तास मंद आचेवर ठेवायची आणि तळाला लागू नये म्हणून घोटत राहायचे.

विजेच्या भांड्यात यातला आचेजवळ बसण्याचा भाग वाचतो. गहू रात्रभर भिजवावा. आधी झाकण न लावता कांदा लाल करून घ्यावा, कारण झाकणाखालच्या ओलाव्यात कांदा लाल होत नाही, नुसता मऊ पडतो. मग मटण परतावे, पाणी घालून तळ उलथन्याने खरवडून घ्यावा, नाहीतर यंत्र करपल्याचा इशारा देऊन थांबते. गहू आणि डाळी शेवटी घालाव्यात. भांडे निम्म्याच्या वर भरू नये, कारण डाळ आणि धान्य फेसाळून वर येते आणि झडप तुंबू शकते. त्याच कारणाने वाफ हाताने सोडू नये, आपोआप निवू द्यावी. पाऊण तास दाबाखाली राहिले की मांस रेषारेषांत सुटते. पण घोटायचे काम उरतेच. लाकडी घोटणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे मनगट चालवल्याशिवाय खिचडा एकजीव होत नाही.

भाजणे वेगळे, वाफवणे वेगळे

केक-पावाच्या बाबतीत नवशिक्यांची निराशा होते ती इथेच. दाबाच्या भांड्यात केक फुगतो, मऊ होतो, पण वरून पांढरा राहतो. पदार्थाला लाली आणि खरपूस वास यायला १४० अंशांहून जास्त कोरडी उष्णता लागते. ओल्या वाफेत ती मिळत नाही. म्हणून नानखटाई किंवा कडक कवचाचा पाव यात होत नाही. त्यासाठी ओव्हन हवा, किंवा वरून तापणारे दुसरे झाकण असलेले यंत्र, किंवा आपली जुनी युक्ती: जाड कढईत मीठ तापवून त्यावर ताटली ठेवणे.

मात्र पावाच्या तयारीत हे भांडे उपयोगी पडते. दही लावायचे तापमान ४० अंशांच्या आसपास असते. दहीवड्याचे दही त्यात हमखास लागते. थंडीच्या दिवसांत कणीकही त्याच ऊबेत फुगते; फक्त लक्ष ठेवावे आणि फुगताच काढावी.

सहरीची घाई आणि खबरदारी

रात्री सामान भरून पहाटेची वेळ लावून झोपायचे, ही सोय तरावीहनंतर थकलेल्या माणसाला मोह घालणारी आहे. दलिया, डाळ-तांदूळ यांच्यासाठी ती ठीक. पण कच्चे मटण, कोंबडी, अंडी किंवा दूध तासन्‌तास न तापवता तसेच ठेवणे धोक्याचे आहे. इफ्तारचा उरलेला पुलावही सहरीपर्यंत ओट्यावर राहू नये. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि खाताना चांगला वाफाळून घ्यावा. राजमा मंद आचेच्या कार्यक्रमावर कधीच शिजवू नये. त्यातले विषारी द्रव्य कमी तापमानात नष्ट होत नाही, त्याला खळखळून उकळी हवी.

ज्यांना असे यंत्र घेणे शक्य नाही, त्यांचे काही अडत नाही. शिट्टीचा कुकर, वजनाचा छोटा काटा आणि घड्याळ, एवढ्यावर हेच शिक्षण होते. शिट्ट्या मोजण्याऐवजी पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून मिनिटे मोजावीत, इतकेच.

हात कुणाचे?

प्रश्न यंत्राच्या पलीकडचा आहे. अनेक घरांत असे भांडे ‘अम्मीला आराम’ म्हणून येते आणि ते चालवायचे कामही अम्मीकडेच राहते. घरातले सगळे रोजाने असतात. पहाटे तीनला उठणारी, संध्याकाळी भजी तळणारी आणि इफ्तारनंतर भांडी घासणारी मात्र बहुधा एकच असते. यंत्राने तिचा अर्धा तास वाचतो, पण वाटा कमी होत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना काय करत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले होते. ते घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, या अर्थाचे त्यांचे उत्तर सहीह बुखारीत आहे. मुलग्यांनी स्वयंपाक शिकण्यात कमीपणा मानणाऱ्या घरांनी ते आठवावे.

ज्याला फोडणी येत नाही, त्यालाही ग्रॅम आणि मिनिटे वाचता येतात. या भांड्याचे खरे मोल तिथे आहे. ‘मला येत नाही’ ही सबब ते काढून घेते. तीस रोजांपैकी आठवड्यातून दोन सहऱ्या जरी घरातल्या मुलाने किंवा वडिलांनी लावल्या, तरी त्या दोन पहाटे घरातल्या बाईला निवांत तहज्जुद पढता येईल. मीठ पहिल्या दिवशी थोडे कमी पडेल. इफ्तारला ते वरून घेता येते.