ए.कु.मॅ. आणि अ.पा.क.

कुलसंमेलनाच्या मांडवात लावलेला वंशवृक्ष सर्वांनी पाहिलेला असतो. मूळ पुरुष बुंध्याशी, नातवंडे-पणतवंडे शेंड्याला. तो उभा करणाऱ्यांच्या रात्री कशा जातात, ते मात्र मांडवात कोणी सांगत नाही. अशा मंडळींना मोडी वाचून देण्याच्या निमित्ताने ते मला जवळून दिसले.

नाशिककडच्या एका निवृत्त शिक्षिकेला खापरपणजोबा शोधायचे होते. २०२३ नंतर कुणबी नोंदींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांनी कोतवाल बुकांची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वह्यांची, पाने संकेतस्थळांवर चढवली, पण त्यांत आडनाव टाकून माणूस सापडत नाही. नोंद 'अमुक बिन तमुक' एवढीच, तीही मोडीत. त्यात 'खंडू बिन बाळू' दोन निघाले. घरच्यांनी हात टेकले. बाईंनी नाव सोडले आणि जमीन धरली. आजच्या गटावरून एकत्रीकरणाचा उतारा, त्यावरून जुना सर्व्हे नंबर, त्यावरून फेरफार. त्यांचा खंडू सापडला, आणि दुसराही, त्याच सर्व्हे नंबरच्या शेजारच्या हिश्श्यात. दोन्ही शेते एकाच वाटपातून फुटली होती. बांधावरून ज्यांच्याशी वर्षानुवर्षे दावा चालला, ते सख्खे भाऊबंद निघाले.

एका घराण्याच्या हाती तर थेट 'सन ११७३'ची सनद आली. कुणीतरी तो शक धरला, त्यात ७८ मिळवले आणि घराणे १२५१ सालात, देवगिरीच्या यादवांच्या काळात जाऊन बसले. व्हॉट्सअॅपवर अभिनंदनांचा पूर आला, संमेलनाची पत्रिका छापायला गेली. मुंबईतल्या एका भाचीला मात्र ते पटेना. तिने मूळ कागदाचा फोटो पुन्हा पुन्हा मागितला. वर स्पष्ट लिहिले होते, 'सलास सबैन मया व अलफ'. अरबी शब्दांत ११७३, म्हणजे सुहूर सन, त्यात ५९९ मिळवायचे. साल निघाले १७७२-७३. पत्रिका छापखान्यातून परत आली. यादव गेले, पण थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या वर्षाचा कागद हाती राहिला. त्या मुलीचा मला फार अभिमान वाटतो.

भाऊबंदकीचा कागद वेगळाच असतो. एका घरात धाकट्या पातीची खात्री होती की थोरल्याने सगळी जमीन आपल्या नावावर करून घेतली. दोन पिढ्या लग्नाच्या पंगतीत ही माणसे एकमेकांशेजारी बसली नाहीत. धाकट्या पातीतला नातू पुरावा शोधायलाच फेरफारांत शिरला. थोरल्याच्या नावापुढे तीन अक्षरे होती, ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्यांची होती आणि थोरल्याने तशीच लिहून घेतली होती. ते पान नातवाने त्याच रात्री थोरल्या पातीला पाठवले.

सगळ्यांत जास्त जपून ठेवावी अशी गोष्ट एका विधवेची. वंशवृक्षात तिचा मागमूस नव्हता. बाप, त्याखाली मुलगे. घरात सांगत, मुलांना चुलत्याने वाढवले. नातसून फेरफारामागून फेरफार उघडत गेली. वारसनोंद मिळाली: मुलांची नावे, पुढे 'अ.पा.क. आई', आणि तिचे पूर्ण नाव. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलांची पालनकर्ती ती होती. मग खंड भरल्याच्या पावत्या, कर्ज फेडल्याची नोंद, सगळीकडे तिचाच अंगठा दिसू लागला. चुलत्याचे नाव एकदाच येते, पंच म्हणून.

आता तिचे माहेर शोधायचे आहे. फेरफारात ते लिहीत नाहीत. नातसुनेने त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे गावाचे आणि आडनावाचे यात्रेकरूंच्या नोंदींचे बाड मागितले आहे. तिथेही नाही निघाले, तर माहेरच्या गावाचा अंदाज करून तिकडची कोतवाल बुके चाळायला ती बसणार आहे.