उलटून बघा! बंगळुरूतल्या जुन्या रेकॉर्डींचा शोध

'कुंग फू फायटिंग' हे गाणं 1974 साली इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरावर गेलं. त्याचा निर्माता बंगळुरूचा! बिद्दू अप्पय्या, जन्म 1945, घराणं कोडगूचं. इथे 'ट्रोजन्स' नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवणारा हा मुलगा साठच्या दशकात विलायतेला गेला. लंडनच्या स्टुडिओत गायक कार्ल डग्लसचं एक वेगळंच गाणं मुख्य म्हणून ठरलं होतं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकायला काहीतरी हवं, म्हणून स्टुडिओची वेळ संपता संपता, उरलेल्या दहाएक मिनिटांत 'कुंग फू फायटिंग' उरकलं गेलं. कंपनीच्या माणसाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि बाजूंची अदलाबदल केली. पुढे 'कुर्बानी'मधलं 'आप जैसा कोई' (1980) आणि नाझिया हसनचं 'डिस्को दीवाने' (1981) याच बिद्दूने केलं.

म्हणून जुन्या रेकॉर्डी धुंडाळणाऱ्यांना पहिला सल्ला हाच, की रेकॉर्ड हातात आली की ती उलटून बघायची. आणि परगावी गेल्यावर हा शोध घ्यायचा असेल, तर मराठी माणसाने बंगळुरूला जावंच. परदेशी एलपी मुंबईतही मिळतात. मराठी आणि कानडी गाणं एकमेकांत मिसळलेलं असलेल्या तबकड्या मिळण्याची शक्यता मात्र इथे जास्त आहे.

रविवारी सकाळी, चिकपेटात

जुन्या पेठेत, अव्हेन्यू रोडच्या जवळ, बी. व्ही. के. अय्यंगार रोडच्या आसपास रविवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो. पाण्याचे पंप, पाने, घड्याळं, चार्जर, बूट, सगळं रस्त्यावर मांडलेलं. चिकपेट मेट्रो स्टेशनातून चालत जाता येतं. रेकॉर्डी दर रविवारी सापडतीलच असं नाही, पण एखाद्याने जुन्या घराचं सामान उचललेलं असलं की गठ्ठाच्या गठ्ठा येतो. सकाळी लवकर जावं, कारण जाणकार त्याआधीच हजर असतात. भाव विचारायला 'एष्टु?' पुरतं. पुढची घासाघीस दख्खनी हिंदीत सहज होते, 'भाई, ये तो घिस गया है' म्हटलं की समोरचाही हसून खाली येतो.

विकत घेण्याआधी रेकॉर्ड कव्हरातून पूर्ण बाहेर काढायची. एक, आत तीच रेकॉर्ड आहे का ते कळतं. सैगलच्या कव्हरात भलताच ऑर्केस्ट्रा निघणं नेहमीचं आहे. दोन, तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून उजेड तिरपा पडू द्यायचा. वाकलेली असेल तर लगेच दिसते, ओरखडेही दिसतात. ओरखड्यावरून नख हळूच फिरवा. नखाला लागला तर सुईलाही लागणार.

तिसरी खूण मला सर्वांत आवडते. मधल्या भोकाभोवती लेबलच्या कागदावर बारीक, चमकत्या रेषांचं जाळं असतं. टर्नटेबलच्या मधल्या दांडीवर रेकॉर्ड बसवताना, भोक चाचपडताना, दर वेळी एक रेष उमटते. रेषांची गर्दी असेल तर ती रेकॉर्ड त्या घरात मनापासून ऐकली गेली आहे. लेबल कोरं असेल तर कुणीतरी हौसेने घेतली आणि कपाटात ठेवली. चांगल्या आवाजासाठी कोरी घ्या. माझं मन मात्र रेषांनी भरलेल्या लेबलकडेच ओढ घेतं.

कव्हरावरचे पांढरे ठिपके बुरशीचे असतात, त्यांना घाबरू नका. मुंबईच्या दमट हवेत कव्हरं पार बुरसटून जातात. समुद्रसपाटीपासून 900 मीटरच्या वर असलेल्या बंगळुरूत ती त्या मानाने बरी राहतात.

एचएमव्हीच्या एलपीवर क्रमांकाआधी इंग्रजी अक्षरं असतात. 'ईसीएलपी' असेल तर मोनो, 'ईसीएसडी' असेल तर स्टीरिओ. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांच्या, म्हणजे '78' च्या, लेबलांवर कानडी गाण्यांसाठी 'कॅनरीज' असं छापलेलं असतं, तेव्हा नजर तिकडेही असू द्या.

गंगूबाई? नव्हे, गांधारी!

आता खऱ्या खजिन्याकडे येऊ.

'गांधारी हनगल' असं नाव दिसलं तर हात मागे घेऊ नका. या गंगूबाई हनगलच! त्यांच्या सुरुवातीच्या, 1930 च्या दशकातल्या एचएमव्ही रेकॉर्डी त्यांच्या मूळ नावाने, म्हणजे गांधारी या नावाने निघाल्या. लावून ऐकलीत तरी ओळखू येणार नाहीत, कारण तो आवाज बारीक आणि उंच आहे. पुढे घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आपल्या कानांत बसलेला तो खर्जातला, भारदस्त आवाज तयार झाला. शास्त्रीय गायनाच्या जोडीला त्यांनी या काळात मराठी भावगीतंही गायली, गोविंदराव जोशींबरोबर द्वंद्वगीतसुद्धा गायलं. हे जी. एन. जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि त्यांनी आपल्या आठवणी 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात लिहिल्या. रेकॉर्डींचं वेड असलेल्या प्रत्येक मराठी माणसाने ते वाचायलाच हवं.

भीमसेन जोशींची गोष्ट तर एका रेकॉर्डपासूनच सुरू होते. गदगच्या या मुलाने लहानपणी दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली आणि तो गाण्याने झपाटला. 1933 साली, अकराव्या वर्षी, घर सोडून निघाला. खाँसाहेबांचं घर मिरजेला आणि मान म्हैसूरच्या दरबारात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन पुण्याचे झाले. ही सगळी परंपरा बंगळुरूच्या एकाच गठ्ठ्यात सापडू शकते.

भीमसेनांचे अभंग आपल्याकडे घरोघरी आहेत. बंगळुरूत शोधायचे ते कानडीतले भीमसेन. 1966 सालचा 'संध्याराग' हा चित्रपट अ. न. कृष्णराय यांच्या कादंबरीवर काढलेला होता, नायक डॉ. राजकुमार. संगीत जी. के. वेंकटेश आणि बालमुरलीकृष्ण यांचं. त्यात बालमुरलीकृष्णही गायले आणि भीमसेनही! कर्नाटकी आणि हिंदुस्तानी संगीताचे दोन दिग्गज एकाच चित्रपटात. या गाण्यांची रेकॉर्ड मिळाली तर भाव फार ताणू नका.

आणखी एक नाव लिहून ठेवा, 'क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा', 1967. कित्तूरच्या या वीरावरच्या चित्रपटात लता मंगेशकर कानडीत गायल्या. संगीतकार होते लक्ष्मण बेर्लेकर. लताबाईंच्या हजारो गाण्यांत कानडी गाणी अगदी मोजकी, त्यामुळे मराठी संग्राहकाला ही तबकडी हवीहवीशी वाटणं साहजिक आहे.

आणि तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या दोन बहिणी. धाकटी अमीरबाई कर्नाटकी हिंदी चित्रपटांत गाजली, 1943 च्या 'किस्मत'मधली तिची गाणी अजून ऐकली जातात. थोरली गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत आली आणि मराठी रंगभूमीवर गायली. तिच्या मराठी पदांच्या तबकड्या निघाल्या आहेत. दोघींची तबकडी एकाच दिवशी हाती लागली तर त्या दिवशी बाकी खरेदी बंद!

'माय नेम इज गौहर जान'

नोव्हेंबर 1902 मध्ये कोलकात्यात फ्रेड गैसबर्ग नावाच्या तंत्रज्ञाने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव पुकारते. त्याचं कारण साधं होतं. मुद्रित झालेलं मेण जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचं आणि तिथे तबकड्या निघायच्या. तिथल्या कामगारांना आवाज कुणाचा हे कळावं म्हणून हे नाव.

या गौहर जानचे अखेरचे दिवस बंगळुरूपासून साधारण 145 किलोमीटरवर, म्हैसुरात गेले. 1928 साली म्हैसूर दरबारने तिला राजगायिका म्हणून बोलावलं, 17 जानेवारी 1930 रोजी तिचं तिथेच निधन झालं. तिचं चरित्र लिहिणारे विक्रम संपत बंगळुरूचेच. जुन्या ध्वनिमुद्रणांचं जतन करणारं 'आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक' त्यांनीच उभं केलं. मुंबईतही 1990 पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' हेच काम निष्ठेने करते आहे. बाजारात काही मिळालं नाही तर जे. पी. नगरमधलं 'इंडियन म्युझिक एक्स्पीरियन्स' हे 2019 साली उघडलेलं संग्रहालय बघून या, दिवस वाया जाणार नाही.

लाखेवरचे बीटल्स

78 ची तबकडी लाखेची. लाख म्हणजे झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे तयार करतात तो राळेसारखा पदार्थ, आणि जगाला तो पुरवणारा मुख्य देश भारत. दुसऱ्या महायुद्धात पुरवठा आटला तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत लोकांकडून जुन्या रेकॉर्डी परत मागितल्या गेल्या होत्या.

पश्चिमेत 1960 च्या सुमारास 78 बंद पडल्या. भारतात वीज नसलेल्या घरांत किल्लीचे फोनो चालूच होते, त्यामुळे कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात साठच्या दशकातही 78 निघत राहिल्या. त्यांत चक्क बीटल्स आहेत! पार्लोफोनच्या लेबलखाली, लाखेच्या तबकडीवर. आज जगभरचे संग्राहक या भारतीय 78 साठी जीव टाकतात. बंगळुरूतल्या छावणीच्या भागातल्या जुन्या घरांतून इंग्रजी रेकॉर्डींचा गठ्ठा आला तर जाड, जड तबकड्या आधी बघा. क्लिफ रिचर्ड लखनौला जन्मला आणि एंगलबर्ट हम्परडिंक मद्रासला, तेव्हा हे लोकही तसे आपलेच.

परदेशी पाहुण्याला सापडलेलं घबाड

एडो बाउमन हा डच संग्राहक 2002 साली दिल्लीत जुन्या रेकॉर्डी शोधत होता. त्याला 1982 ची एचएमव्हीची एक एलपी मिळाली, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वादक होते मुंबईचे चरणजित सिंग, हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रातले. रोलंड कंपनीच्या तेव्हा नव्या असलेल्या यंत्रांवर त्यांनी भैरव, ललत असे राग वाजवले होते. निघाली तेव्हा एलपी फारशी चालली नाही. बाउमनने 2010 साली ती पुन्हा काढली आणि पाश्चात्य रसिक चकित झाले. शिकागोत 'अॅसिड हाउस' म्हणून पुढे गाजलेला आवाज मुंबईत पाच वर्षं आधी तयार होता!

बंगळुरूचा असाच हिरा म्हणजे 'ज्योती'. गायिका आर. ए. रमामणी आणि 'कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन' यांनी अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानोबरोबर केलेली ही एलपी 1983 साली म्युनिकच्या ईसीएम कंपनीने काढली. कोन्नकोल (तोंडाने म्हटलेले तालाचे बोल), मृदंग आणि सॅक्सोफोन. माझ्या मते अशा जुगलबंद्यांमध्ये इतकी नैसर्गिक दुसरी सापडत नाही.

कानडी भावगीतं मात्र रेकॉर्डवर कमी भेटतील. निसार अहमद यांच्या कवितांची 'नित्योत्सव' 1978 साली थेट कॅसेट म्हणूनच आली आणि पुढचा बराचसा कारभार कॅसेटवर गेला. कॅसेट दिसल्या तर त्याही उचला.

घरी आणताना

उद्यान एक्स्प्रेसने मुंबई-पुण्याला परतणार असाल तर रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या नकोत. खिडकीच्या उन्हात तर मुळीच नकोत, एलपी वाकतात. 78 तर ठिसूळ, ती फुटते. दोन तबकड्यांमध्ये पुठ्ठा घाला. घरी आल्यावर 78 ला स्पिरिट लावू नका, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, आणि लेबल कोरडं राहू द्यायचं.

एलपीच्या सुईने 78 वाजवू नये. 78 ची खाच कितीतरी रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. किल्लीचा फोनो असेल तर पोलादी पिन, एका बाजूला एक वापरायची आणि टाकून द्यायची. म्हणून बाजारात पिनांची ती चपटी पत्र्याची डबी दिसली, तर तीही पिशवीत टाका.